विस्मरण आणि औषधांची पिशवी : वाचकांचे प्रश्न

स्मरणशक्तीविषयी या वेळी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रांत विचारणा एकच आहे : काय खावे, कोणती गोळी घ्यावी, कोणती कोडी सोडवावीत. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतील. तथापि विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी प्रथम एकच गोष्ट सांगतो. घरात जी जी औषधे चालू आहेत ती सर्व, वैद्याची, दुकानातून परस्पर आणलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, अशी सगळी एका पिशवीत भरून घेऊन या. त्या पिशवीतून, रुग्णाच्या कानांतून आणि त्याच्या रात्रीच्या झोपेतून जेवढे कळते तेवढे अनेकदा मेंदूच्या महागड्या छायाचित्रातूनही कळत नाही.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेले वर्षभर वर्गातील मुलांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत. स्वयंपाकघरात जाते आणि कशासाठी आले तेच विसरते. पाळी अनियमित झाली आहे, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. माझ्या आईला सत्तरीनंतर अल्झायमर झाला होता. मी त्याच वाटेवर आहे का? (एक वाचक, नाशिक)

आईचे आजारपण जवळून पाहिलेल्या मुलीच्या मनात ही भीती येणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. उतारवयात होणारा अल्झायमर हा आजार आईवडिलांपैकी एकाला झालेला असल्यास मुलांना असलेला धोका इतरांपेक्षा काहीसा वाढतो, परंतु याचा अर्थ तो आजार वारशाने ठरलेलाच आहे असा होत नाही. चाळिशी-पन्नाशीतच सुरू होणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्यात दिसणारे प्रकार वेगळे आहेत आणि ते फार विरळ आहेत. आपल्या आईचा आजार सत्तरीनंतरचा होता.

आता आपल्या लक्षणांकडे पाहू. नाव ऐन वेळी न आठवणे आणि दहा मिनिटांनी आपोआप आठवणे, यात ती आठवण मेंदूत शाबूत असते, फक्त ती हाती लागायला वेळ लागतो. स्वयंपाकघरात जाऊन हेतू विसरणे हे तर बहुतेक वेळा स्मृतीचे नव्हे, लक्षाचे काम आहे. उठताना मन दुसऱ्याच विचारात होते, त्यामुळे ‘डबा आणायचा आहे’ ही गोष्ट नीट नोंदलीच गेली नाही, आणि जी नोंदली नाही ती आठवणार कशी? मला काळजी वाटते ती वेगळ्या प्रकारच्या विस्मरणाची : तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारला जातो आणि आधी विचारल्याचे स्मरणही नसते, वीस वर्षे ज्या रस्त्याने गेलो त्यावर वाट चुकते, नेहमीच्या आमटीची कृती मध्येच तुटते, पैशांचे व्यवहार, जे आयुष्यभर चोख होते, ते जमेनासे होतात. आणखी एक खूण अनुभवी डॉक्टर नेहमी पाहतात. ‘मी विसरते’ अशी तक्रार स्वतः घेऊन येणाऱ्या व्यक्तीपेक्षा ‘मला काहीच झालेले नाही’ असे म्हणणारी आणि घरच्यांनी आग्रहाने आणलेली व्यक्ती अधिक काळजीपूर्वक तपासावी लागते.

आपल्या पत्रातील खरी महत्त्वाची ओळ पहाटे तीनची आहे. दिवसभरात नोंदलेल्या गोष्टी पक्क्या होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, आणि रजोनिवृत्तीच्या आसपास रात्रीचा घाम, अचानक येणारी उष्णतेची लाट आणि अस्वस्थता यांमुळे ती झोपच तुटत राहते. या काळात अनेक स्त्रियांना शब्द सापडत नसल्याचा, डोक्यात धुके साचल्यासारखा अनुभव येतो आणि तो पुष्कळांच्या बाबतीत पुढे निवळतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून पाळीच्या लक्षणांवर उपचार करून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्व बी-१२ या तीन तपासण्याही करून घ्या. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद करा आणि जाग आली तरी मोबाइल हातात घेऊ नका. नावांसाठी एक साधा उपाय सुचवतो : नवा वर्ग मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस हजेरीपट न पाहता मुलांना नावाने हाक मारण्याचा प्रयत्न करा आणि चुकल्यावर पाहा. ही पद्धत का चालते ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : माझे बाबा ७४ वर्षांचे असून चिपळूणला एकटे राहतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मधुमेह पंधरा वर्षांचा आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, शिवाय बीपीची, पित्ताची आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आहे. आई गेल्यापासून झोपेची गोळीही घेतात. गेल्या दीड-दोन महिन्यांत ते फार विसरू लागले आहेत, दिवसा पेंगतात, चालताना तोल जातो. त्याआधी ते न्हाणीघरात घसरून पडले होते, पण डोक्याला थोडे टेंगूळ आले, एवढेच. टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवतात की शेजारी तक्रार करतात. त्यांना स्मरणशक्तीची कोणती गोळी सुरू करावी? (एक वाचक, पुणे)

कोणतीही गोळी सुरू करण्याआधी, हे उत्तर वाचून होताच, बाबांना डोक्याच्या सीटी स्कॅनसाठी न्यावे. मी हे मुद्दाम पहिल्या वाक्यात लिहीत आहे. वयोमानाने मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ताण येतो. अशा वयात, त्यातही रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, किरकोळ आपटण्यानेही तिथे हळूहळू रक्त साचू शकते आणि त्याची लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसू लागतात : गुंगी, विस्मरण, तोल जाणे. घरच्यांना वाटते की म्हातारपण आले. वेळीच सापडले तर हे साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढता येते आणि हरवलेला माणूस परत मिळाल्याचा आनंद मी अनेक कुटुंबांत पाहिला आहे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरच घेतील.

विस्मरण वर्षानुवर्षे हळूहळू वाढत असेल तर अल्झायमरसारख्या आजाराचा विचार करावा लागतो. ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत आले असेल तर आधी दुरुस्त करता येण्याजोगी कारणे शोधायची असतात. डोक्यातील रक्तस्राव, लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर एकदम खाली जाणे, एखादे नवे औषध, ही त्यांतील नेहमीची. वृद्धांमध्ये लघवीचा संसर्ग तापाशिवायही येतो आणि त्याचे पहिले लक्षण गोंधळलेले बोलणे हेच असू शकते.

सीटी स्कॅन निर्दोष निघाला तर मग पिशवी उघडू. मेटफॉर्मिन ही चांगली आणि आवश्यक गोळी आहे, परंतु ती वर्षानुवर्षे घेतल्यास आतड्यातून बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण कमी होते. पोटातील आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी रोज घेतली तर तेच घडते. बाबा दोन्ही घेत आहेत, आणि शाकाहारी असतील तर कारणे तीन झाली. आपल्याकडे ही कमतरता किती पसरलेली आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी २००६मध्ये दाखवून दिले. पुणे आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या त्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. हिमोग्लोबिन ठीक असतानाही या कमतरतेचा परिणाम मज्जातंतूंवर आणि स्मृतीवर होऊ शकतो, म्हणून बी-१२ची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. कमतरता असल्यास इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी ती भरून काढता येते, आणि हा उपचार स्वस्त आहे.

झोपेच्या गोळीविषयी मला अधिक काळजी वाटते. अल्प्राझोलामच्या गटातील गोळ्या उतारवयात दिवसाही गुंगी ठेवतात, नवी गोष्ट नोंदण्याची क्षमता मंदावतात आणि पडण्याचा धोका वाढवतात. बाबांचे न्हाणीघरातील पडणेही त्यामुळे असू शकेल. मात्र ही गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत उतरवावी लागते. याच ओघात घरातील सर्दीच्या आणि खाज कमी करणाऱ्या जुन्या प्रकारच्या गोळ्या पाहा. ज्यांनी तोंड कोरडे पडते आणि झोप येते, अशी क्लोरफेनिरामिनसारखी औषधे मेंदूतील ज्या रसायनावर परिणाम करतात तेच रसायन स्मृतीसाठी लागते.

मग कान. ज्याला नीट ऐकूच येत नाही त्याला सांगितलेली गोष्ट आठवत नाही, आणि घरचे म्हणतात की बाबा विसरले. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे आणि बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले. बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, दृष्टी कमी होणे, हवेचे प्रदूषण हे त्यांतील काही, आणि या सर्वांवर आयुष्यभर लक्ष दिले गेले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा आयोगाचा अंदाज आहे. श्रवणयंत्राचा उपयोग पाहण्यासाठी अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षे झालेल्या प्रयोगात, २०२३च्या निष्कर्षानुसार, सर्वांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्या गटात बौद्धिक घसरणीचा वेग ४८ टक्क्यांनी कमी राहिला. बाबा या दुसऱ्या प्रकारचे आहेत. श्रवणयंत्र घेतल्यावर पहिले दोन महिने त्यांना ते त्रासदायक वाटेल, भांड्यांचा आवाजही कर्कश वाटेल. त्या काळात ते पेटीत ठेवून दिले जाणार नाही एवढे पाहा.

शेवटची गोष्ट तपासणीच्या कागदावर येत नाही. पन्नास वर्षांची सोबत तुटलेला माणूस रिकाम्या घरात टीव्हीसमोर बसला आहे. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा उदासीच्या नव्हे, विस्मरणाच्या रूपाने समोर येते, आणि त्यावर उपचार केल्यास स्मृती सुधारते. काही महिने त्यांना आपल्याजवळ आणणे किंवा आपण तिकडे जाऊन राहणे शक्य आहे का, याचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. वाचलेले लक्षात राहत नाही म्हणतो. त्याला ब्राह्मी, शंखपुष्पी आणि ओमेगा-३ देऊ का? भिजवलेले बदाम रोज देते. (एक वाचक, सातारा)

बदाम द्यावेत, त्यात चांगले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि तिळाची पोळीही तितक्याच विश्वासाने द्यावी. ओमेगा-३च्या गोळ्यांनी निरोगी, नीट खाणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती वाढते असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा नाही. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा पुरेत.

ब्राह्मीविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण या नावाखाली आपल्याकडे दोन वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी : दलदलीत वाढणारी, लहान जाडसर पानांची, जिला शास्त्रीय भाषेत बाकोपा मॉनिएरी म्हणतात. दुसरी मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कारिवणा म्हणून ओळखतात : जमिनीवर पसरणारी, गोल पानांची. चरकसंहितेने बुद्धिवर्धक म्हणून जी चार औषधे सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत. आधुनिक पद्धतीच्या चाचण्या अधिक झाल्या त्या मात्र नीरब्राह्मीवर. त्यांपैकी बऱ्याच चाचण्यांत प्रौढांना सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क रोज, १२ आठवडे दिला गेला आणि काहींत ऐकलेले शब्द उशिराने आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. चाचण्या लहान होत्या आणि मळमळ, जुलाब, पोटात मुरडा या तक्रारीही आल्या. म्हणजे ही वनस्पती निरर्थक नाही, पण परीक्षेच्या दोन आठवडे आधी बाटली आणून उपयोग होईल असे तिच्याविषयी कोणीही सिद्ध केलेले नाही, आणि बाटलीत नेमकी कोणती वनस्पती किती प्रमाणात आहे हे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असायला हवे. शंखपुष्पीच्या नावानेही वेगवेगळ्या प्रांतांत तीन-चार निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. फेफऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांनी तर शंखपुष्पीचे सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण त्याने रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण कमी होते आणि झटके परत येऊ शकतात. हा धोका मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२मध्येच नोंदवला होता. आजी-आजोबांसाठी कोणी गिंको बिलोबाच्या गोळ्या आणल्या असतील तर त्याविषयीही सांगून टाकतो : अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३,०६९ लोकांवर सुमारे सहा वर्षे झालेल्या आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गिंकोने स्मृतिभ्रंश टळला नाही.

आता मुलाच्या मूळ तक्रारीकडे येतो. ‘वाचलेले लक्षात राहत नाही’ यात दोष बहुतेक वेळा स्मरणशक्तीचा नसून वाचनाच्या रीतीचा असतो. धडा पुन्हा पुन्हा वाचला, महत्त्वाच्या ओळी रंगवल्या की तो ओळखीचा वाटू लागतो आणि मुलाला वाटते की झाला अभ्यास. परंतु ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि परीक्षेत दुसरे लागते. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २००६मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाने उतारा वाचण्याच्या चार फेऱ्या केल्या. दुसऱ्या गटाने एकच फेरी वाचनाची केली आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत न पाहता जेवढे आठवते तेवढे लिहून काढले. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला ६१ टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गटच पुढे होता. त्यामुळेच मुले चुकीच्या रीतीवर विश्वास ठेवतात.

आपल्या आजोबांच्या पिढीने पाढे पाठ केले ते हेच तत्त्व वापरून. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी ही अंकलिपीत पाहून नव्हे, गुरुजींसमोर उभे राहून, न पाहता म्हणायची असत, आणि ती एकाच दिवशी नव्हे तर रोज संध्याकाळी. मुलाला सांगा : धडा एकदा नीट वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भर. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने असाच काढ. सुरुवातीला कागद रिकामा राहील आणि तो वैतागेल. तो वैताग सोसावा लागतो, कारण आठवण्यासाठी पडलेला ताणच आठवण पक्की करतो. विसरण्याचा वेग पहिल्यांदा मोजणाऱ्या जर्मन संशोधक एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये दाखवले की निरर्थक अक्षरे पाठ केल्यावर एका तासातच निम्म्याहून अधिक श्रम वाया जातात. पहिली उजळणी लवकर हवी, ती यासाठी.

आणि त्याला झोपू द्या. चौदा ते सतरा या वयात रात्री आठ ते दहा तास झोप लागते. बारावाजेपर्यंत जागून पाचला उठणारा मुलगा दिवसभरात जे भरतो ते रात्री पक्के व्हायला जागाच मिळत नाही. हे पालकांना पटवणे मला मुलांना पटवण्यापेक्षा कठीण जाते.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६७. मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचे एक अ‍ॅप घेतले आहे, त्याची वार्षिक वर्गणी बरीच आहे. त्यातले माझे गुण चांगले वाढले आहेत. रोज सुडोकूही सोडवतो. याने स्मृतिभ्रंश टळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

आपले गुण वाढले, कारण आपण त्या खेळात तरबेज झालात. तो तरबेजपणा भाजीच्या यादीपर्यंत किंवा नातेवाइकांच्या नावांपर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या साहाय्याने झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११,४३० लोकांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. प्रत्येक जण आपापल्या खेळात सुधारला, पण ती सुधारणा जवळच्या दुसऱ्या कामातही उतरली नाही. अमेरिकेत २,८३२ वृद्धांना स्मृती, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकेकाचे दहा तासिकांचे प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा २००२च्या अहवालातही असेच दिसले : ज्याचा सराव केला तेच सुधारले. दहा वर्षांनंतर तर्क आणि वेग यांतील लाभ काही प्रमाणात टिकून होते, स्मृतीचे नव्हते. ल्युमॉसिटी हे प्रसिद्ध अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने वयानुसार येणारी घसरण लांबते असे दावे केले होते. अमेरिकी व्यापार आयोगाने ते फसवे असल्याचा आरोप ठेवल्यावर २०१६मध्ये त्या कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

सुडोकू आवडत असेल तर जरूर सोडवा. वर्गणीच्या पैशांत मात्र आपण तबल्याचा किंवा पेटीचा वर्ग लावावा, मोडी लिपी शिकावी किंवा पोहायला जावे, असे मी सुचवीन. नव्या गोष्टीत हात, कान, डोळे आणि माणसे एकत्र गुंततात, आणि आपण चुकतो, ज्याची निवृत्त अधिकाऱ्याला सवय राहिलेली नसते. वेदपाठशाळेत वर्षानुवर्षे वेद पाठ केलेल्या २१ पंडितांच्या मेंदूची छायाचित्रे त्याच वयाच्या २१ सामान्य पुरुषांशी ताडून पाहिली असता, २०१६च्या अभ्यासात, भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित काही भाग पंडितांमध्ये अधिक जाड आढळले. हा फरक पाठांतराने आला की तशा मेंदूची मुलेच त्या शिक्षणात टिकली, हे अशा एका अभ्यासावरून सांगता येत नाही. तरीही आपल्याला आवडणारे काही, ज्ञानेश्वरीतील दहा ओव्या असोत वा नाट्यगीत, पाठ करून चारचौघांत म्हणणे यात गमावण्यासारखे काहीच नाही.

प्रश्न : रोज किती चालावे? (एक वाचक, बेळगाव)

आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा : खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जिना चढणे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना व्यायाम, आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख अशा चारही गोष्टी एकत्र दिल्या गेल्या. दोन वर्षांनी, २०१५च्या अहवालानुसार, त्यांची बौद्धिक कामगिरी नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा चांगली होती. फरक मोठा नव्हता, पण खरा होता, आणि तो एका गोळीने आलेला नव्हता. रक्तदाब मोजून घ्यायला विसरू नका. मध्यमवयातील दुर्लक्षित रक्तदाब पुढे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना नडतो.

प्रश्न : आईला (वय ७९) स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले आहे. तिला मी रोज जुने फोटो दाखवून ‘हा कोण, ही कोण, मी कोण’ असे विचारते, म्हणजे मेंदूला चालना मिळेल. ती चिडते, कधी रडते. मी काय चुकते आहे? (एक वाचक, मडगाव)

आपण प्रेमाने करत आहात, पण हे थांबवा. या सदरात मी वर मुलाला न पाहता आठवायला सांगितले आणि आपल्याला नेमके उलटे सांगतो आहे, याचे कारण असे की त्या मुलाच्या मेंदूत नवी आठवण पक्की होण्याची यंत्रणा धडधाकट आहे आणि आईच्या मेंदूत तीच बिघडलेली आहे. तिच्यासाठी तुमचा प्रत्येक प्रश्न ही अशी परीक्षा आहे जिच्यात ती रोज नापास होते. नाव विसरले तरी अपमान झाल्याची भावना मागे उरते.

फोटो दाखवा, पण उत्तरही आपणच द्या : ‘आई, ही बघ तुझी धाकटी बहीण, आपण सगळे गणपतीला गेलो होतो तेव्हाचा आहे.’ तिला बोलावेसे वाटले तर ती बोलेल. खोलीत शिरताना ‘मी तुझी मुलगी’ असे सांगत शिरा. उठणे, आंघोळ, जेवण यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा, भिंतीवर मोठ्या आकड्यांचे घड्याळ लावा, न्हाणीघराच्या दाराला चित्र चिकटवा आणि तिथला रात्रीचा दिवा चालू ठेवा. तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी हाताच्या सवयीची कामे तिला द्या. हातांची स्मृती पुष्कळ काळ टिकते, आणि घडी वाकडी झाली तर ती तिच्यासमोर परत घालू नका. तिची ओव्या-आरत्यांची आठवण अजून शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे. संध्याकाळी दिवा लावल्यावर पहिली ओळ आपण सुरू करा.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, आणि त्यांना सांभाळण्याचा भार पुष्कळ घरांत एखाद्या स्त्रीवर एकटीवरच पडतो. आपणही एकट्याच असाल तर आठवड्यातून दोन दुपारी तरी दुसऱ्या कोणावर सोपवून बाहेर पडा. ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आणि मनावरील ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही विनाशुल्क आहेत. दुसरा क्रमांक आईसाठी नव्हे, आपल्यासाठी लिहून ठेवा.